मानलेलं नातं, पाळलेलं नातं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधी सात दिवस आपल्याकडे श्रीगुरुचरित्राचं पारायण बसतं. समाप्तीला आरती होते, नैवेद्य दाखवला जातो आणि मग पंगत बसते. गेल्या वर्षी पंगतीत वरण वाढायचं काम माझ्याकडे होतं. मी भिवंडीतल्या एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मोजायची खोड काही जात नाही. वाढता वाढता मनात मोजत होतो. दोन पंगती उठेपर्यंत अकरा जणांनी मला ‘काका’ म्हटलं, सहा जणांनी ‘दादा’, चौघींनी ‘भाऊजी’, आणि एका चिमुरडीने ‘आजोबा, मला वरण नको’ असं सांगितलं. या बावीस जणांत माझ्या रक्ताचा एकही नव्हता.

घरी आल्यावर तोच विचार डोक्यात राहिला. या बावीस हाकांची किंमत काय? रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर यातल्या किती जणांचा दरवाजा मी वाजवू शकेन? आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, त्यांच्यापैकी किती जण माझा दरवाजा वाजवतील?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता ठाण्याला, पुण्याला, काहींची तर परदेशात आहेत. घरात दोन म्हातारी माणसं आणि एक फोन. त्यामुळे हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. म्हणून यंदा अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा हाच विषय घेतला: मानलेली नाती. ती कुठून येतात, कशावर टिकतात, आणि कशाने पोकळ होतात.

दत्तजन्म हीच नात्याची कथा

सुरुवात आपल्या दैवतापासूनच करू. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली दत्तजन्माची कथा आपल्याला पाठ आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात आले, अनसूयामातेकडे त्यांनी भलतीच भिक्षा मागितली, आणि तिच्या सत्त्वाच्या बळाने तिघांची तान्ही बाळं झाली. तिने त्यांना पाजलं, पाळण्यात घालून जोजवलं.

आपण ही कथा पातिव्रत्याची म्हणून ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मते तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना तिने जन्म दिला नाही, त्यांची ती आई झाली. कशाने झाली? कोणी आई म्हणून हाक मारली म्हणून नव्हे. भुकेलेल्या बाळांना पाजलं म्हणून. आधी देणं झालं आणि नातं त्यामागून आलं.

‘दत्त’ या नावाचा अर्थच ‘दिलेला’. अत्रिऋषींनी पुत्र मागितला तेव्हा भगवंताने स्वतःलाच देऊन टाकलं, म्हणून हे नाव पडलं असं भागवतात आलं आहे. आपण ज्याला ‘दत्तक’ म्हणतो, तो शब्दही याच ‘दत्त’पासून आला. म्हणजे आपल्या दैवताच्या नावातच मानलेलं नातं आहे. पुढे हेच दत्तप्रभू अवधूत होऊन यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत पृथ्वी, वायू, सूर्य, समुद्र, कबूतर, कोळी, पिंगला, बाणकर्ता असे सगळे आले. त्यांच्यापैकी कोणी ‘मी तुझा गुरू’ म्हणून पुढे आलं नव्हतं. अवधूतांनी मानलं, आणि मानलं म्हणून त्यांच्याकडून शिकले.

सात गावं, एक घर

गुरुचरित्रातला शेहेचाळिसावा अध्याय पाहा. श्रीनृसिंहसरस्वती महाराज गाणगापुरात असताना दिवाळी आली. सात गावचे सात शिष्य आले आणि प्रत्येक जण म्हणू लागला, महाराज, सणाला माझ्याकडे चला. महाराज म्हणाले, तुम्हीच आपसांत ठरवा. ठरेना. उलट तंटाच होऊ लागला. शेवटी महाराजांनी एकेकाला जवळ बोलावून हळूच सांगितलं, तुझ्याकडे येतो, दुसऱ्याला बोलू नकोस. दिवाळीत महाराज सातही घरी गेले आणि मठातही राहिले. पुढे कार्तिकी पौर्णिमेला सगळे जमले, तेव्हा ‘महाराज माझ्याकडे होते’ म्हणून पुन्हा वाद. प्रत्येक जण आपण दिलेलं वस्त्र दाखवू लागला. मग सगळ्यांना उमज पडली.

यातला चमत्कार आपण दरवर्षी वाचतो. माझं लक्ष त्या सात जणांकडे जातं. दिवाळीआधी ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. कार्तिकीनंतर त्यांच्याजवळ एक सामाईक गोष्ट आली. सातांच्याही घरी एकच पाहुणा राहून गेला होता. ज्या घरी आपले गुरू जेवले, ते घर परकं कसं म्हणायचं? ‘गुरुबंधू’ या शब्दाचा उगम मला इथे दिसतो.

अडतिसाव्या अध्यायातला भास्कर ब्राह्मणही असाच. गरीब माणूस. महाराजांना भिक्षा घालायची म्हणून तिघांपुरता शिधा गाठोड्यात बांधून आला. पण रोज कोणी ना कोणी दुसरा मोठी समाराधना करी, भास्करही त्याच पंगतीत जेवी, आणि याचं गाठोडं तसंच राही. असे तीन महिने गेले, लोक हसू लागले. मग महाराजांनी सांगितलं, आज तुझी भिक्षा. त्या तिघांपुरत्या अन्नावर महाराजांनी आपलं वस्त्र झाकलं, आणि त्यातून चार हजार माणसं जेवली.

आता एवढंच लक्षात घ्या की तीन महिने भास्करला जेवू घालणाऱ्यांनी हिशेब मागितला नव्हता, आणि वेळ आली तेव्हा भास्करनेही गाठोडं सोडायला मागेपुढे पाहिलं नाही. शिधा गाठोड्यात होता तोवर तो तिघांपुरताच होता. पंगतीत आला तेव्हा वाढला.

आपल्या चालीरीतींतली मानलेली माणसं

समाजशास्त्राचे अभ्यासक अलीकडे ‘सामाजिक भांडवल’ असा शब्द वापरतात. पैसा हे एक भांडवल, शिक्षण हे दुसरं, तसं माणसांची ओळख, विश्वास आणि अडीनडीला एकमेकांसाठी उभं राहण्याची सवय हे तिसरं. रॉबर्ट पुटनम या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९३ मध्ये इटलीचा अभ्यास मांडला. ज्या भागांत गायनमंडळं, क्रीडामंडळं, सहकारी संस्था अशा ठिकाणी लोक वर्षानुवर्षं एकत्र येत होते, तिथे सरकारी कारभारसुद्धा चांगला चालला, असं त्यांनी दाखवलं.

शब्द नवा असेल, पण व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. लग्नात नवरीला बोहल्यावर मामा आणतो. नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो. ज्या मुलीला सख्खा मामा नाही, भाऊ नाही, तिचं लग्न अडतं का? शेजारचा, वडिलांच्या मित्राचा मुलगा उभा राहतो. आणि एकदा कान पिळला की मानाचा शेला-टोपी घेऊन तो सुटत नाही. पुढे तिच्या बाळाच्या बारशाला, मुंजीला, तिच्या अडचणीला ‘मामा’ म्हणून त्यालाच बोलावणं येतं. एका विधीतून आयुष्यभराचं देणं लागतं.

गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवायचं ही एक जुनी पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. ज्या घरी जेवायचं तिथली बाई त्याची काकू किंवा मावशी. कितीतरी माणसं अशी शिकली. मात्र खरं तेही सांगितलं पाहिजे. ही दारं बहुतेक आपल्याच जातीच्या मुलांना उघडत होती.

ती मर्यादा ओलांडणारीही माणसं इथेच झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. मुलांना जेवू घालायला धान्य उरलं नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. आज त्यांना ‘रयतमाउली’ म्हणतात ते उगीच नाही.

महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्या संस्थेसाठी ‘भाऊबीज’ म्हणून निधी गोळा करण्याची प्रथा पडली. ही कल्पना मला फार मोठी वाटते. ज्या विधवा मुलीला माहेरही विचारत नव्हतं, तिच्यासाठी कार्यकर्ते दारोदार जाऊन सांगत, ‘तुमच्या एका बहिणीची ओवाळणी द्या.’ न पाहिलेल्या बहिणीच्या ताटात लोकांनी पैसे टाकले आणि त्यातून मुली शिकल्या. भावाचं नातं अख्ख्या समाजावर घातलं, आणि समाजाने ते काही अंशी पाळलं.

असं जगात सगळीकडे आहे. आपल्या शेजारच्या वसईत ख्रिस्ती कुटुंबात बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता आणि धर्ममाता नेमतात. छत्तीसगडात जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांना देऊन ‘मितान’ होतात, आणि ते नातं जातीबाहेरही जुळतं, दोन्ही घरं जन्मभर सांभाळतात. नेपाळात ‘मीत’ जोडतात. सगळीकडे क्रम तोच दिसतो. काहीतरी द्यायचं, देवाच्या साक्षीने द्यायचं, आणि मग त्या शब्दाला बांधून राहायचं.

माझी चूक

इथवर पुस्तकी झालं. आता घरचं सांगतो. हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण पारायणाच्या अंकात खोटं मोठेपण मिरवण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं.

आमच्या पारायण मंडळातली एक बाई मला राखी बांधायची. तिला भाऊ नव्हता, मला बहीण नव्हती. अकरा वर्षं मी तिच्याकडून ओवाळून घेतलं, दर भाऊबिजेला ताटात साडी-चोळीचे पैसे टाकले आणि आपण भाऊपण निभावतो असं समजत राहिलो. तिच्या यजमानांचे चार यंत्रमाग होते. व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचं, मजुरीवर कापड विणून द्यायचं. एका पावसाळ्यात ते अचानक गेले. पदरात शाळकरी मुलगा, मागांची दुरुस्ती थकलेली, विजेचं बिल थकलेलं. माग भंगारात काढले तर कायमचं संपलं, चालू ठेवायचे तर चाळीस हजार हवे होते.

एका पतपेढीने कर्ज द्यायची तयारी दाखवली, पण दोन जामीनदार मागितले. एक तिच्या यजमानांच्या ओळखीचे निघाले. दुसऱ्यासाठी ती माझ्याकडे आली. माझी पगाराची नोकरी, कायमची. माझी सही कोणीही घेतली असती. ती म्हणाली, “दादा, तुमची एक सही लागेल.”

मी म्हटलं, “घरी विचारून सांगतो.”

घरी मी विचारलंच नाही. बायकोला सांगितलंही नाही. मनात हिशेब चालू होता. तिने हप्ते थकवले तर? पगारातून कापले गेले तर? पुढचा गुरुवार आला. आरतीला ती असणार म्हणून मी त्या गुरुवारी मंदिरात गेलो नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. दत्ताच्या दारात जायला मला भीती कोणाची, तर बहिणीची! आज लिहितानाही लाज वाटते.

सही कोणी केली? तिच्या शेजारी बीम भरून देणारे एक मोमीन गृहस्थ होते. तिचे यजमान लहानपणापासून त्यांना ‘चाचा’ म्हणायचे. चाचा पतपेढीचे सभासद होते. तिने मागायच्या आधीच ते म्हणाले म्हणे, “बेटी, कागज़ कहाँ है?” कर्ज मिळालं. तिने तीन वर्षांत हप्ते फेडले, एकही चुकवला नाही. मी सही केली असती तर मला एक रुपयाही पडला नसता.

त्या वर्षी राखीपौर्णिमेला ती नेहमीसारखी आली. ओवाळलं, पेढा दिला, कर्जाचा विषय काढला नाही. मी ताटात नेहमीपेक्षा जास्त पैसे टाकले. तिने त्यातले नेहमीएवढेच उचलले आणि बाकीचे परत ठेवले.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी पत्नी सतरा दिवस इस्पितळात होती. मुलगा परदेशात, त्याला रजा मिळेना. रात्री तिच्या उशाशी बसायला कोण होतं? हीच बाई. आणि तिचा मुलगा, जो आता ते माग चालवतो, सकाळी डबा घेऊन यायचा आणि तसाच कारखान्यात जायचा. एका रात्री मी हिय्या करून तिला म्हटलं, “ताई, मी तुझ्यासाठी सही केली नव्हती.”

ती म्हणाली, “हो दादा. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण वहिनींनी माझं काय वाईट केलं होतं?”

एवढंच. मग ती पेल्यात पाणी ओतून औषधाची वेळ बघू लागली.

त्या रात्री मला उमगलं ते असं. अकरा वर्षं मी नातं मानत होतो. ती आणि चाचा नातं पाळत होते. मानणं फुकट असतं. पाळायला सही करावी लागते, रात्र जागावी लागते. गणिताच्या भाषेत सांगायचं तर माझ्याकडे खातं होतं, पण त्यात जमा काहीच नव्हती.

भिवंडीने शिकवलेलं

हा धडा आपल्या गावाने मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. भिवंडी हे मागांचं गाव. मूळचे आगरी, कोळी, कोकणी मुसलमान. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर. तेलंगणातून येऊन पद्मानगरसारख्या वस्तीत स्थिरावलेले पद्मशाली. आणि घाटावरून, कोकणातून पोटासाठी आलेली आपल्यासारखी मंडळी. एकाचं सूत, दुसऱ्याचा बीम, तिसऱ्याचा माग, चौथ्याचा टेम्पो. एकाचं काम थांबलं की चौघांची चूल थंड.

तरीही मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये याच गावात दंगली झाल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मी काय सांगावं? तेव्हा गल्लीगल्लीत ‘चाचा’, ‘भाभी’, ‘अक्का’, ‘मामा’ या हाका नव्हत्या का? होत्या. त्या हाकांच्या जोरावर काही घरं वाचलीही. पण हाका सुट्या सुट्या होत्या. अफवा उठली की एकमेकांना विचारायला बसण्याची जागा नव्हती.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्या त्या वस्तीतले दोन्ही समाजांचे साधे लोक आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. गटाराची, भांडणाची, मिरवणुकीच्या वाटेची, अशी रोजची बारीकसारीक गाऱ्हाणी तिथे निघू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनीही २००२ मध्ये भारतातल्या शहरांवर लिहिलेल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेजारी म्हणून रोज भेटणं चांगलंच, पण शहरात तेवढं पुरत नाही. दोन्ही समाजांची माणसं जिथे ठरवून एकत्र बसतात, अशा संस्था असल्या तर शांतता टिकते.

मला हे आपल्या पारायणासारखं वाटतं. भक्ती मनात असतेच. तरी आपण वेळ ठरवतो, आसन ठरवतो, अध्याय वाटून घेतो. नेम नसेल तर भक्ती विरून जाते. नात्याचंही तसंच आहे.

हाक स्वस्त झाली की

आता नाण्याची दुसरी बाजू. नात्याची हाक स्वस्तही होते, आणि तसं करण्यात आपलाच हात असतो.

इस्पितळात, शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंना आपण ‘मावशी’ म्हणतो. त्या मावशीच्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक असतात का? उत्तरेकडच्या बोलीत ‘भैया’ म्हणजे थोरला भाऊ. आपण त्याच शब्दाचा ‘भय्या’ करून तो हिणवायला वापरला. दुसऱ्याच्या भाषेतला सगळ्यात मायेचा शब्द घेतला आणि त्याची शिवी केली. भावाच्या नात्याचा याहून मोठा अपमान तो कोणता?

दुसरा धोका फसवणुकीचा. फोनवर गोड आवाजात ‘काका’ म्हणणारा बँकेचा नंबर विचारतो, आणि आपण सांगून बसतो. ‘आपण सगळे गुरुबंधू’ म्हणत दामदुपटीच्या योजनेत पैसे गुंतवायला सांगणारेही भेटतात. जो नात्याचं नाव घेऊन घाई करतो, त्याच्यापासून दूर राहावं. खरा नातेवाईक विचार करायला वेळ देतो.

तिसरा धोका सूक्ष्म आहे. मंडळातली माणसं एकमेकांना धरून राहतात, ते उत्तमच. पण ती इतकी घट्ट झाली की नव्या माणसाला शिरायला फट राहिली नाही, तर ते मंडळ कोंडवाडा होतं. अभ्यासक म्हणतात, आपल्याआपल्यात बांधणारं भांडवल एक आणि दुसऱ्यांशी जोडणारं भांडवल दुसरं. पहिल्याने दुःखात खांदा मिळतो, दुसऱ्याने वाट सापडते. कापडाला उभा धागाही लागतो आणि आडवाही. नुसत्या उभ्या धाग्यांचं कापड होत नाही, हे भिवंडीकराला वेगळं सांगायला नको.

आपल्याला करता येण्यासारखं

उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, वर सांगितलंच आहे. तरी अनुभवातून चार गोष्टी सुचवतो. पटल्या तर घ्याव्यात.

१. पारायणाला बसणाऱ्यांची आणि नित्य येणाऱ्या भक्तांची एक वही करावी. कोण एकटं राहतं, कोणाला कोणतं औषध चालू आहे, घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, मुलांचे फोन नंबर काय, हे ज्याच्या त्याच्या संमतीने त्यात असावं. वही एका जबाबदार माणसाकडे राहावी, चारचौघांत फिरू नये.

२. सलग दोन गुरुवार कोणी आरतीला दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी प्रसाद घेऊन जावं. आजारपण असेल तर कळेल. माझ्यासारखा तोंड लपवून बसलेला असेल, तर त्यालाही कळेल की आपली कोणीतरी वाट पाहत आहे.

३. कोणी पैसे किंवा जामीन मागितला, तर आपल्या कुवतीचा विचार जरूर करावा. डोळे झाकून सही करा, असं मी म्हणत नाही. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ दोन दिवसांत तोंडावर सांगावं. स्पष्ट ‘नाही’ने नातं मोडत नाही. टाळल्याने मोडतं. आणि ‘नाही’ म्हटलं तरी तिच्याबरोबर पतपेढीत जाऊन बसता येतं, दुसरा जामीनदार शोधता येतो.

४. दत्तजयंतीच्या प्रसादाला प्रत्येकाने एका अशा घराला बोलवावं, जे आजवर आपल्या पंगतीत बसलेलं नाही. नवं भाडेकरू कुटुंब असेल, मागावर काम करणारा एकटा तरुण असेल, वेगळ्या भाषेचं, वेगळ्या धर्माचं घर असेल. त्यांची इच्छा असेल तर यावं, जुलूम नको. आणि त्यांच्या सणाला त्यांनी बोलावलं तर आपणही जावं.

शेवटची एक आठवण सांगून थांबतो. चाचा चार वर्षांपूर्वी गेले. दफनाला जाताना माझ्याबरोबर ती बाई आणि तिचा मुलगाही होते. बायका आत जात नाहीत, म्हणून ती कब्रस्तानाच्या बाहेर उभी राहिली. मुलगा आत गेला आणि त्याने मूठभर माती टाकली. बाहेर आल्यावर एकाने त्याला सहज विचारलं, तुझे कोण लागायचे ते? मुलगा म्हणाला, “आजोबा.” विचारणाऱ्याने पुढे काही विचारलं नाही.

परवा भाऊबिजेला मी तिच्या घरी गेलो होतो. आता मीच जातो, तिचे गुडघे दुखतात. निघताना तिचा मुलगा म्हणाला, “मामा, नवा माग घ्यायचा विचार आहे. बँकेत कागद द्यायचेत.” मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. विचारलं, “कधी जायचंय?”

माझं पेन्शन जामिनाला चालतं की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. सोमवारी दोघं मिळून जाणार आहोत.

श्रीगुरूंनी सात घरी एकाच वेळी पाऊल ठेवलं. आपल्याला एका वेळी एकाच घरी जाता येतं. पण जाता तर येतं. ती बुद्धी महाराजांनी आपल्या सर्वांना द्यावी, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥